आत्याच्या पांढऱ्या साड्यांची गोधडी आणि परळच्या काकू, माझा अनुभव

आधी रेट सांगून टाकते कारण सगळ्यात आधी तेच विचारणार सगळे. सिंगल गोधडी, कपडे आपले, दोरा त्यांचा, हाताची शिलाई, १,८०० रुपये. जाड हवी असेल, म्हणजे सहा-सात साड्यांची, तर २,५००. डबल त्या करत नाहीत, "एवढी खोली कुठंय ओ ताई पसरायला" असं म्हणतात आणि ते खरंच आहे, दहा बाय बाराची खोली आहे त्यांची. काकूंचं नाव आणि नंबर मी इथे टाकत नाहीये, त्यांनीच नको सांगितलंय. परळ-लालबागमधे चाळीत विचारलंत तर गोधडी शिवणाऱ्या अशा दोन-तीन बायका तुम्हाला सहज सापडतील, आणि मी जे खाली लिहितेय ते कोणाकडेही काम देताना उपयोगी पडेल.

आता गोष्ट. माझी आत्या म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात नर्स होती. लग्न केलं नाही, आम्हा तिघा भावंडांना अर्धं तिनेच वाढवलं. ती गेली तेव्हा कपाटात काय निघालं तर पांढऱ्या सुती साड्यांचा गठ्ठा, ड्युटीच्या, रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी घडी करून ठेवलेल्या. घरात नेसायच्या रंगीत साड्याही होत्या बऱ्याच, पण मी पोचायच्या आत वहिनीने चांगल्या चार साड्या बोहारणीला देऊन एक स्टीलचा टोप घेतला. वाईट काही मनात नव्हतं तिच्या, आपल्याकडे तसंच करतात, जुने कपडे द्यायचे आणि भांडं घ्यायचं, माझ्या आईनेही आयुष्यभर तेच केलं. पण त्या टोपात दूध तापताना बघितलं की मला अजूनही कसंतरी होतं. असो. उरलं काय, तर सात पांढऱ्या, दोन छापील व्हॉइलच्या आणि एक इरकल.

पहिली चूक मी केली ती म्हणजे इन्स्टावर बघून एका स्टुडिओकडे गेले. नाव घेत नाही. मेमरी क्विल्ट करून देतो, आठवणी जपतो, वगैरे वगैरे, फोटो फारच सुंदर. त्यांना तीन पांढऱ्या आणि एक छापील दिली आणि ९,५०० रुपये दिले. खोटं का बोला, काम टापटीप होतं, चौकोन एकदम कोपऱ्याला कोपरा जुळवून, मशीनची शिलाई सरळ रेघेसारखी, मधेमधे व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत होते आणि दिलेल्या तारखेला कुरिअर घरी. पण त्यांनी साड्या पाच-पाच इंचाच्या चौकोनात कापल्या, मागून चिकटवायचं बकरमसारखं कापड इस्त्रीने लावलं कारण जुनं कापड मशीनखाली खेचलं जातं म्हणे, आत पॉलिस्टरचं वॅडिंग घातलं आणि खाली अस्तर म्हणून नवं कोरं कॉटन. हातात घेतलं तर हॉटेलातल्या बेडवर पायाशी ती एक पट्टी टाकलेली असते ना, तसं लागलं. आणि पहिल्या धुण्यात नवं अस्तर आटलं, वरचं जुनं कापड आधीच शंभर वेळा धुतलेलं, ते कशाला आटेल? सगळीकडे चुण्या पडल्या. हे टाळायला काय लागतं, तर नवं कापड शिवायच्या आधी एकदा भिजवून वाळवायचं, बस. साडेनऊ हजारात एवढं तर करायला हवं होतं.

तरी माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आत्याच्या प्रत्येक पांढऱ्या साडीच्या कोपऱ्यात धोब्याची खूण होती. त्रिकोण, आत दोन टिंबं, खाली आडवी रेघ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्वी धोबी बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे, चाळीतल्या पन्नास घरांचे पांढरे कपडे एकत्र जायचे मग कोणाचं कुठलं कसं कळणार, आणि बिब्ब्याचा काळा डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. लहानपणी मला वाटायचं ती आत्याची सही आहे. स्टुडिओवाल्यांनी तेवढे कोपरे कापून टाकले. विचारलं तर मुलगी एकदम गोड आवाजात म्हणाली, मॅम ते स्टेन्स होते, आम्ही सगळे स्टेन्ड एरिया रिमूव्ह करतो. मागितले परत, तर कचऱ्यात गेलेले.

मग ऑफिसातल्या एकीने परळच्या काकू सांगितल्या. गेले मी उरलेला गठ्ठा घेऊन, तिसरा मजला, जुनी लाकडी चाळ, गॅलरीत चटई टाकून बसलेल्या. माण तालुक्यातल्या आहेत, गोधडीला वाकळ म्हणतात. मालक गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो काही संपला नाही, आणि पगार बंद झाल्यावर काकूंनी वाकळी शिवायला घेतल्या त्या आजतागायत. पिशवी उघडून त्यांनी एकेक साडी उन्हाकडे धरून बघितली. जिथे विरलीय तिथे बोट फिरवायच्या. पांढऱ्या बघून म्हणाल्या, "बाई, कोन नर्स हुती का?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नुसत्या घड्या उलगडत राहिल्या. एका साडीच्या निऱ्यांच्या जागी गंजलेली सेफ्टीपिन निघाली, ती त्यांनी काढून माझ्या हातात दिली. आणि खालच्या बाजूला आत्याने आत दुमडून घातलेली टीप होती, बुटकी होती ना ती, सगळ्या साड्या दोन इंच वर घेऊन शिवायची. ती उसवू का म्हणून काकूंनी आधी मला विचारलं. मला तेव्हाच कळलं इथे काम नीट होणार.

साइज विचारली तर म्हणाल्या पांघरणार कोण ते सांगा. मी म्हटलं माझा मुलगा, सहा फुटी आहे, एसी अठरावर लावून झोपतो (मुंबईत गोधडी कशाला असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर, आमच्याकडे थंडी एसीतूनच येते). तर हाताने मोजलं, वीत-वीत करत, आणि शेवटी जे झालं ते मी घरी टेपने मोजलं तर पाच फूट बाय साडेसात फूट भरलं बरोब्बर.

पांढरी वर ठेवायची म्हटल्यावर मात्र वाद झाला. "मळंल की ओ, पांढरी आत टाका, इरकल वर घ्या." व्यवहाराने बघितलं तर त्यांचं बरोबर आहे, पण आत्या म्हणजे माझ्या डोक्यात पांढरीच, ती आत गाडून टाकली तर मग काय उरलं. शेवटी ठरलं असं की एका अंगाला पांढरी, दुसऱ्या अंगाला इरकल, आतमधे तीन पांढऱ्यांचे थर. इरकलीला कात्री फक्त एकदा लावली, मधोमध, आणि दोन तुकडे शेजारी घेऊन मधे एकावर एक चढवले. काठ दोन्ही बाजूंनी वर उलटून घेतले त्यामुळे वेगळा गोट लावायलाच लागला नाही, लाल काठच किनार झाली. तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पदर उशाकडे आला, अख्खा. पदर कापायचा नाही हा त्यांचा नियमच आहे. कारण विचारलं तर "पदर हाय त्यो" एवढंच.

इरकलीचा लाल रंग जातो का ते आधी बघितलं, ओला पांढरा रुमाल काठावर घासून. थोडा गेला. काकू मिठाच्या पाण्यात भिजवतात, माझ्या मते खरा उपाय म्हणजे वेगळं धुवत राहायचं पाणी स्वच्छ येईपर्यंत, मी चार वेळा धुतली तेव्हा आलं. हे केलं नसतं तर पहिल्याच पावसाळ्यात आत्याच्या साड्या गुलाबी.

शिलाईबद्दल. साधा धावदोरा आहे, कुठली नक्षी नाही, लांबीला सरळ ओळी, दोन ओळींत साधारण पाऊण इंच. मी बसून हिशेब केला, पाच फूट रुंदीत ऐंशी ओळी, प्रत्येक ओळ नव्वद इंच, म्हणजे ६०० फूट नुसता धावदोरा, आणि इंचाला तीन टाके धरले तर २१,६०० टाके, पाच-पाच थरांतून सुई खाली-वर. १,८०० रुपयांत. मी घासाघीस करणार होते पहिल्या दिवशी, नाही केली ते बरं झालं, उलट जास्त द्यायला गेले तर घेतले नाहीत, मग चितळ्यांची बाकरवडी नेली. दोरा लाल वापरलाय, पांढऱ्यावर लाल टाके, लांबून वहीच्या रेघांसारखे दिसतात. दुपारी शेजारच्या दोघी येऊन बसतात आणि एकेका कडेने त्याही शिवतात, त्यामुळे टाके सगळीकडे एकसारखे नाहीत. एका कोपऱ्यात चक्क लांब लांब आहेत. काकू म्हणाल्या ती डोळ्याचं ऑपरेशन झालेली आहे तिचा कोपरा. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मशीनवाल्याकडेच जावं, मी मनापासून सांगतेय.

आता तक्रारी, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर कोणाला पटणार नाही. गणपतीपर्यंत देते म्हणाल्या होत्या, दिवाळी उलटली. फोन उचलत नाहीत, सुनेला करावा लागतो. फोटो वगैरे पाठवायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात काम हळू होतं कारण गॅलरीत पाणी येतं आणि कापड दमट असलं की सुई अडते. आणि गोधडी घरी आली तेव्हा तिला आधी दोन दिवस ऊन द्यावं लागलं, फोडणीचा वास होता, चाळीत एवढ्या खोलीत दुसरं होणार तरी काय.

साड्या देताना काय बघायचं तेही सांगते. सुतीच द्या. नायलॉन, जॉर्जेट, सिंथेटिक दिली तर थर एकमेकांवरून सरकतात, गोळा होतं आणि अंगाखाली घाम येतो. जुनी रेशमी साडी दिसायला छान पण घडीवर फाटते, आणि जरीकाम असेल तर टोचते, ती फ्रेम करा किंवा उशीचा अभ्रा करा. पैठणीची गोधडी करा म्हणून एक बाई आली होती, काकूंनी तिला चहा देऊन परत पाठवलं. एका सिंगलला पाच साड्या लागतात. कपडे धुऊन, स्टार्च काढून द्या, स्टार्चमुळे सुई चालत नाही आणि नंतर कसर लागते ते वेगळंच.

काकूंकडे चकरा मारता मारता मलाही नाद लागला. एक छापील साडी उरली होती, चॉकलेटी बुट्ट्यांची, तिचं भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. दादरला सुया आणि दोरा घेतला, दुकानदाराने अंगुस्तान पण गळ्यात मारलं जे मी सुरुवातीला वापरलं नाही आणि मधल्या बोटाची चाळण करून घेतली. पहिल्या दोन दिवसांतच मधे मोठा फुगा आला, वरचा थर पुढे सरकला, खालचा तिथेच. काकूंना दाखवलं तर हसायलाच लागल्या, "आधी कच्चं धावून घ्याचं की गं." म्हणजे सगळे थर जमिनीवर सपाट पसरायचे, हाताने मधून कडेला सारखे करायचे, मग मोठमोठे कच्चे टाके मारून पकडून ठेवायचे, आणि पक्की शिलाई झाली की ते काढून टाकायचे. दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा म्हणजे सरसर जातो. सगळं उसवून परत केलं. आता लोकलमधे शिवते, कल्याण स्लोमधे बसायला मिळालं तर घाटकोपर ते भायखळा दोन ओळी होतात. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या बायका असतात तशी आता मी दुपटेवाली आहे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी जवळ येऊन कापडाला हात लावतं आणि विचारतं कोणाची साडी, आणि मग स्वतःच्या आजीचं सांगायला लागतं, उतरायचं स्टेशन येईपर्यंत.

नाद लागला की माणूस रात्री मोबाइलवर काय काय वाचत बसतो. कर्नाटकात उत्तर कन्नडमधे सिद्दी समाजाच्या बायका कवंद शिवतात, त्या कडेपासून सुरू करून गोल फिरत आत येतात आणि चारी कोपऱ्यांना छोटी त्रिकोणी फुलं लावतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सगळीकडे तोच धावदोरा आणि तीच जुनी साडी. अमेरिकेत अलाबामात गीज बेंड म्हणून काळ्या शेतमजुरांचं गाव आहे, तिथे मिसूरी पेटवे नावाच्या बाईंनी १९४२ मधे नवरा गेल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून गोधडी केली, त्याची आठवण म्हणून आणि पांघरायला म्हणून. दोन्ही. तिथल्या गोधड्या पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियममधे भिंतीवर लागल्या पण ती बाई ती पांघरून झोपत होती हे मला जास्त आवडलं.

आणि एक वाचून मी खरंच उठून बसले. एड्स मेमोरियल क्विल्ट. १९८५ ला सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स नावाच्या माणसाला सुचलं, आणि ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिल्यांदा पसरलं तेव्हा १,९२० पॅनल होते, प्रत्येक गेलेल्या माणसासाठी एक, घरच्यांनी नाहीतर मित्रांनी शिवलेला. प्रत्येक पॅनल तीन फूट बाय सहा फूट, साधारण थडग्याच्या मापाचा. आज सुमारे ५०,००० पॅनल आहेत आणि वजन ५४ टन. तेव्हा कित्येकांचे अंत्यसंस्कार करायलाही लोक तयार नसायचे. आत्या सांगायची, नव्वदीत तिच्या वॉर्डात असे पेशंट यायचे आणि त्यांची चादर बदलायला कोणी पुढे होत नसे. ती व्हायची, याबद्दल तिने कधी फुशारकी मारली नाही, एकदाच बोलली, तेही मी चादरीची घडी नीट घातली नाही म्हणून ओरडताना. हॉस्पिटलची घडी वेगळी असते, कोपरे पंचेचाळीस अंशात आत. काकूंना हे सगळं सांगितलं, अमेरिकेचं आणि आत्याचं. त्यांनी विचारलं, "चोपन्न टन मंजे किती?" मी म्हटलं दहाएक हत्ती. म्हणाल्या, "धुनार कोन?"

गोधडी शेवटी ताब्यात घेतली त्या दिवशी एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवलेला होता. मी म्हटलं हे राहिलंय का, तर आतून तांदळाचे चार दाणे घेऊन आल्या, त्या फटीत टाकले आणि माझ्यासमोर शिवून बंद केलं. रिकामी, उपाशी द्यायची नसते म्हणे. आणि मग पायाकडचा कोपरा उलटून दाखवला. धोब्याची खूण. चार पांढऱ्या साड्यांपैकी जिच्यावर ती सगळ्यात ठळक होती ती त्यांनी वर घेतली होती आणि खुणेच्या भोवती टाके वळवले होते, वरून नेले नव्हते. मी काही सांगितलं नव्हतं त्यांना, स्टुडिओचं रामायण मी सांगितलंच नव्हतं तोपर्यंत.

वापराबद्दल, आता चौथा महिना चाललाय. मशीनमधे जेंटल सायकलवर दोनदा धुतली, सात किलोच्या मशीनमधे ओली झाल्यावर फार जड होते, ड्रम धडधड करतो, त्यामुळे पुढच्या वेळी बादलीत. वाळायला आमच्याकडे गच्चीवर उन्हात दीड दिवस लागला. पावसाळ्यात धुवू नका, वाळत नाही आणि कुबट वास बसतो. एकही टाका उसवला नाही. मळली का? हो, मळलीय, चहा सांडलाय चिरंजीवांनी, काकूंचं खरं झालं. चिरंजीव आधी म्हणत होते आई हे ओल्ड फॅशन्ड आहे, आता खूण पायाकडे आली पाहिजे म्हणून रात्री दोनदा फिरवून बघतात. स्टुडिओवालं क्विल्ट सोफ्याच्या मागे घडी करून ठेवलंय, पाहुणे आले की ते छान आहे म्हणतात.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा दिवाळीसाठी कापला. जाणार असाल तर दुपारी दोन ते चार नको, त्या झोपतात, आणि पुढच्या चैत्रापर्यंतची कामं त्यांनी आधीच घेतलेली आहेत. दोन्हींचे फोटो खाली टाकतेय, खुणेचा जवळून घेतलेला पण आहे.